फक्त आम्ही दोघं आणि गाइड

गोपीनाथ चुरींचं वेंगुर्ल्याशी तसं काही वाकडं नव्हतं. डहाणू रोड स्टेशनच्या तिकीटखिडकीमागे बसून त्यांनी आजवर माणसं वापी, बलसाड, सुरत अशी कुठे कुठे धाडली होती. वेंगुर्ल्याला रेल्वेच जात नाही म्हटल्यावर ते गाव त्यांच्या लेखी नसल्यातच जमा होतं. पण एक्याण्णव सालच्या दिवाळीत समोरच्या बिऱ्हाडातले विनोद खैरनार सपत्नीक तिथे जाऊन आले आणि येताना फोटोंचा अल्बम घेऊन आले. तेव्हापासून वेंगुर्ला हे नाव कानावर पडलं की चुरी विषय बदलायचे.

खैरनार तहसील कचेरीत अव्वल कारकून. मूळचे नाशिककडचे, बदलीवर आलेले. म्हणजे समुद्राशी ज्या माणसाचा सात पिढ्यांत संबंध नाही, त्याने समुद्राचा अल्बम आणून डहाणूच्या मसोली भागातल्या त्या दुमजली इमारतीत घरोघर फिरवावा! त्यात काळ्या खडकावर बसलेल्या निलमताई होत्या, नारळाखाली उभे खैरनार होते, आणि एका फोटोत पांढरी टोपी घातलेला एक इसम क्षितिजाकडे बोट दाखवत होता.

"हा गाइड," खैरनार म्हणाले. "प्रायव्हेट, बरं का चुरीसाहेब. टूरबिर नाही. सबंध दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने मोटार, आणि मोटारीत फक्त आम्ही दोघं आणि गाइड. सकाळपासून तो आमच्यासाठीच बोलत होता."

हे 'आमच्यासाठीच' चुरींना लागलं. चुरीसुद्धा दिवसभर लोकांशी बोलत, पण काचेतल्या भोकातून, आणि तेही 'सुटे द्या' एवढंच. आजतागायत कुणी खास त्यांच्यासाठी म्हणून बोललं नव्हतं. वरून बायकोने, जयमालाबाईंनी, तो अल्बम मांडीवर घेतला, पान उलटून परत मागे नेलं आणि म्हणाल्या, "किती छान ना हो! समुद्र आपल्यालाही आहे म्हणा."

त्या 'म्हणा'मुळे चुरींना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी चहाचा कप खाली ठेवत त्यांनी जाहीर केलं, "येत्या बुधवारी आपण किनाऱ्याने जायचं. डहाणूपासून झाईपर्यंत. प्रायव्हेट गाडी. गाइडसह."

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही आणि सल्ल्यांची रीघ लागली. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी सांगितलं, की घोलवडपर्यंत तुमचा रेल्वेचा पास चालतो, पुढे चालत जा, प्रकृतीला बरं. वाणसामानवाले दर्शनभाई म्हणाले, "दरिया तर इथेच हाय ने, चुरीभाई. त्याला बघायला गाडी कशाला?" खुद्द खैरनारांनी पांढरी टोपी देऊ केली. गाइडला टोपी नसेल तर फोटोत कोण गाइड आणि कोण पाहुणा ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. चुरींनी टोपी नाकारली. स्वाभिमान म्हणून काही चीज असते.

पुढची अडचण रजेची. चुरी खोटं बोलत नसत, म्हणून अर्जात कारण लिहिलं, 'सपत्नीक समुद्रावर जाणे आहे.' साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं, चुरी?" चुरींना आधी काही कळेना. कळलं तेव्हा साहेबांनी सही केली होती आणि पार्सलवाल्याने खांद्यावर हात ठेवला होता. रेल्वेतला माणूस बायकोला घेऊन समुद्रावर जातो तो अस्थी घेऊनच, हे सगळ्यांनी गृहीत धरलं. मंजूर झालेली रजा खरं बोलून घालवण्याइतके चुरी भोळे नव्हते. ते खाली मान घालून निघाले, आणि त्यामुळे दुःख आणखीच खरं वाटलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. डहाणू ते झाई हा रस्ता बोर्डीवरून जातो आणि बोर्डी ही चुरींची सासुरवाडी. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण पहिल्या दिवाळसणानंतर चुरी तिकडे फिरकले नव्हते. त्याचं कारण एक खुर्ची. त्या दिवाळसणाला थोरले जावई, म्हणजे बलसाडच्या बँकेतले साडू, यांना सासऱ्यांनी ओट्यावरच्या वेताच्या आरामखुर्चीत बसवलं होतं. ऐसपैस, हातांची, पाय लांब करायची सोय असलेली. आणि चुरींना? लोखंडी. घडीची. सभा संपली की मांडववाला टेम्पोत टाकून नेतो तसली. ती घडीची खुर्ची चुरींच्या काळजात कायमची उघडी राहिली. जयमालाबाई माहेरी निघाल्या की चुरींना नेमकी ड्युटी लागायची. मागच्या वर्षी सासऱ्यांच्या एकसष्टीलासुद्धा लागली.

तेव्हा बेत असा होता, की बोर्डी आली की गाडी सुसाट सोडायची.

गाडी मिळाली ती वेवजी गावच्या सुक्याची जीप. एरवी ती तलासरी ते उंबरगाव माणसं भरून धावायची. चुरींनी त्याला 'प्रायव्हेट' हा शब्द नीट समजावून सांगितला. "म्हंजे मानसं घ्यायची नाय," सुक्या म्हणाला. "जमंल." मग चुरींनी गाइडचं विचारलं. सुक्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "गाइड पन मीच. तुमाला काय काय म्हाईत नाय ते सांगा सायेब, म्हंजे मी तेवडंच सांगतो."

बुधवारी लेकीला, श्रुतिकाला, शाळेत धाडून नवराबायको निघाले. चुरींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि गळ्यात उसना कॅमेरा अडकवला होता. वरच्या गॅलरीतून खैरनार दात घासत पाहत होते, म्हणून चुरी जरा सावकाशच जीपमध्ये चढले. जीप मात्र उत्तरेला वळायच्या ऐवजी दक्षिणेला धाकट्या डहाणूला गेली, कारण सुक्याला तिथे मेहुण्याकडे एक टायर पोचवायचा होता. तो पोचवून परत येईपर्यंत ओहोटी लागली.

"समुद्र कुठाय?" किनाऱ्यावरच्या पारनाक्याशी उतरून चुरींनी विचारलं. समोर नजर पोचेल तिथवर नुसता चिखल होता.

"गेलाय," गाइड म्हणाला. "येल."

किनाऱ्याची माहिती मात्र त्याने मन लावून दिली. "ह्या इथं माजी जीप रुतलेली. आनि त्या सुरूच्या झाडाखाली, तिथं पन रुतलेली. दोन बैलजोड्या लावून काढली." जयमालाबाई खळखळून हसल्या. चुरींना ते आवडलं नाही. पांढऱ्या टोपीवाल्याने क्षितिजाकडे बोट दाखवलं होतं, आणि यांचा गाइड खड्डे दाखवत होता.

नरपडला रस्त्याच्या मधोमध एक बाई उभ्या होत्या. जीप थांबली.

"रखमीमावशी!" जयमालाबाई म्हणाल्या. "मी बाजारात सहज बोलले हो, बुधवारी जाणार म्हणून."

"लेक दारावरून जाईल आन चा न घेता जाईल?" मावशी म्हणाल्या. "लोक काय म्हनतील?"

चहा झाला. चहाबरोबर पोहे झाले. आणि उठताना मावशी म्हणाल्या, की एवढी रिकामी गाडी बोर्डीला चाललीच आहे तर मीही बहिणीला भेटून येते. चुरींनी सुक्याकडे पाहिलं. सुक्याने मागचं दार उघडलं होतं.

पुढे चिखले गावाला मामा होते, चिकूच्या करंड्या घेऊन. तिथेही चहा. घोलवडला बायजीआत्या होत्या. त्यांचा गुडघा दुखत असल्यामुळे त्यांना पुढची सीट लागली, आणि ती चुरींची होती. शिवाय वाटेत जो हात दाखवेल त्याच्यासाठी सुक्या ब्रेक मारत होता. चुरींनी त्याला 'प्रायव्हेट'ची आठवण करून दिली.

"बरोबर हाय सायेब," तो म्हणाला. "पन आज याला नाय घेतला, त उद्या जीप रुतल्यावर ढकलायला कोन येल?"

चुरी मागच्या बाकावर, दोन करंड्या आणि एका अनोळखी म्हाताऱ्याच्या मधे, उलट्या दिशेला तोंड करून बसले. गाइड पुढे अखंड बोलत होता. आता तो जुन्या वादळाच्या, बुडालेल्या होडीच्या, बंदरावर आलेल्या अवाढव्य माशाच्या खऱ्या सुरस गोष्टी सांगत होता, पण त्या सगळ्या बायजीआत्यांसाठी. मागे फक्त आत्यांचं "अगो बाई!" तेवढं ऐकू यायचं. ज्या गाइडसाठी चुरींनी वरिष्ठांच्या मनात घरात मयत घडवून आणलं, तो सगळाच्या सगळा बायजीआत्यांना मिळाला होता. गुडघेदुखी असलेल्या वयस्कर बाईचा हेवा करावा लागेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

बोर्डी आली. "सुसाट!" चुरी मागून ओरडले. पण मागून ओरडलेलं पुढे पोचेना, आणि पोचलं असतं तरी उपयोग नव्हता. जीप सरळ सासऱ्यांच्या, म्हणजे राऊतांच्या, अंगणात जाऊन थांबली.

सासू पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या. सासऱ्यांनी सगळ्यांची विचारपूस केली आणि सुक्याला म्हणाले, "तू गाडी हाकून दमलास रं. बस, पाय लांब कर." आणि वेताच्या आरामखुर्चीत बसला तो सुक्या. चुरी पाहतच राहिले. मग सासऱ्यांनी स्वतः आत जाऊन, भिंतीला टेकवलेली घडीची लोखंडी खुर्ची आणली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि चुरींपुढे उघडून ठेवली.

"बसा, जावयबापू."

चुरी बसले. अंगाचा तिळपापड झाला होता, पण अंगणात एवढी माणसं असताना करता काय? ड्रायव्हरला आरामखुर्ची आणि जावयाला लोखंड! ते जेवणभर 'नको' आणि 'पुरे' याखेरीज काही बोलले नाहीत.

जेवणानंतर सासूसासरेही झाईचा समुद्र पाहायला निघाले. जीप आता जीप दिसत नव्हती. झाईच्या अलीकडे, जिथे महाराष्ट्र संपायला येतो, तिथे नाक्यावर एक हवालदार उभा होता. त्याने हात केला. सुक्याने सवयीने त्यालाही बसायला जागा करायला सांगितली.

"खाली उतर," हवालदार म्हणाला. "पॅसेंजर भरतोस काय?"

"पॅसेंजर नाय सायेब. प्रायव्हेट हाय. ह्या सायबांची."

चुरी करंड्यांमधून कसेबसे उतरले, शर्टाची इस्त्री सावरली आणि ज्या वाक्यासाठी हा सगळा खटाटोप केला होता ते वाक्य म्हणाले, "ही माझी प्रायव्हेट सफर आहे."

हवालदाराने आत डोकावून पाहिलं. "एवढ्या माणसांची?"

"नातेवाईक आहेत."

"असं? मग सांगा. ह्या बाई कोण?"

"ह्या... नरपडच्या मावशी."

"नाव?"

नाव सकाळीच कानावर पडलं होतं, पण ते आता काही केल्या आठवेना. हवालदाराने मामांकडे बोट केलं. चुरींनी "मामा" म्हटलं. कोणाचे, नाव काय, याचा पत्ता नव्हता. ज्यांनी पुढची सीट घेतली त्या आत्यांना तर ते मनातल्या मनात जे काही म्हणत आले होते ते हवालदारापुढे सांगण्यासारखं नव्हतं. तो अनोळखी म्हातारासुद्धा मोठ्या आशेने चुरींकडे पाहत होता.

"स्वतःच्या नातेवाइकांची नावं माहीत नाहीत?" हवालदार म्हणाला. मग तो आत्यांकडे वळला. "आजी, तुम्ही सांगा. हे गृहस्थ कोण?"

"ते? ते गोपीनाथ," बायजीआत्या म्हणाल्या. "वसईकडच्या चुरींचे मधले. डावा कान जरा कमी ऐकतो. दोडका खात नाय. आमचा जावय हाय बाबा. येत नाय कधी, पन हाय जावय."

जीपमध्ये कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. जयमालाबाई समुद्राकडे पाहत होत्या. चुरींना लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत लाज वाटली. आपण दोडका खात नाही हे या बाईंना ठाऊक आहे, आणि आपल्याला त्यांचं नावही सांगता येत नाही!

हवालदाराने सोडून दिलं. वर भरतीही लागली होती. लाल सूर्य पाण्याला टेकला. चुरींनी जयमालाबाईंना वाळूत उभं केलं आणि फोटो काढून द्याल का म्हणून हवालदारालाच विचारलं. "फक्त आम्हा दोघांचा."

"हो हो," हवालदार कॅमेऱ्याला डोळा लावत म्हणाला. "या, सगळे या! आजी, मधे या!" आणि सगळे आले. करंड्याही आल्या.

रोल धुऊन आला तेव्हा चुरींनी अल्बम कपाटावर टाकून दिला. एकाही फोटोत ते दोघं एकटे नव्हते. एकात तर चुरींचा फक्त कोपर होता. पण जयमालाबाईंनी तो खाली काढून निलमताईंना दाखवला. चुरी पेपराआड बसून टोमण्याची वाट पाहत होते.

निलमताईंनी एकेका चेहऱ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "हे सगळे तुमचे? आम्हाला वेंगुर्ल्यात चहा प्यायला हॉटेल शोधावं लागलं. आणि बघ ना, आमच्या अल्बममध्ये कोणी हसत नाहीये." त्यांनी पान उलटून परत मागे नेलं. सोबत आलेले खैरनार खिडकीबाहेर बघत राहिले. चुरींनी पेपराच्या कडेवरून खैरनारांचा चेहरा पाहिला आणि त्या रात्री त्यांना कित्येक दिवसांनी शांत झोप लागली.

ती पुढच्या आठवड्यापर्यंत टिकली. सोमवारी खैरनार हातात चिकूंची पिशवी घेऊन आले.

"चुरीसाहेब, काल आम्ही सुक्याची जीप केली. बोर्डीला तुमच्या सासऱ्यांकडेच उतरलो! काय माणसं आहेत! जेवल्याशिवाय सोडलं नाही. आणि मला मुद्दाम त्या आरामखुर्चीत बसवलं हो. म्हणाले, तुम्ही परके, लांबचे, तुम्ही इथे बसा. येत्या रविवारी मडक्यात भाज्या शिजवून उकडहंडी लावतायत, पुन्हा बोलावलंय."

चुरींच्या हातातला चिकू फुटला. खैरनार! नाशिकचा! माझ्या सासऱ्याच्या आरामखुर्चीत!

"त्यांना बोर्डीचा पत्ता कोणी दिला?" दार लागताच त्यांनी विचारलं.

जयमालाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "कोणी दिला असेल बाई!"

"रविवारी आपणही जायचं. सकाळच्या पहिल्या गाडीने."

"तुम्हाला ड्युटी नाही?"

"माझी सासुरवाडी आहे ती!" चुरी गरजले. "ड्युटी गेली खड्ड्यात!"

रविवारी खैरनार पतिपत्नीही त्याच गाडीला होते. घोलवडला उतरून टांगा केला. वाटेत चुरींनी रखमीमावशी, बायजीआत्या अशी सगळी नावं घोकून घेतली. राऊतांचं अंगण दिसताच टांगा थांबायची वाट न पाहता त्यांनी उडी टाकली, खैरनारांना मागे सारलं, सासऱ्यांना चालता चालता नमस्कार केला आणि थेट आरामखुर्चीत जाऊन बसले. पंधरा वर्षांनी!

वेत 'कर्र' वाजला आणि चुरी खाली गेले. पार्श्वभाग जमिनीच्या आसपास पोचला, गुडघे हनुवटीला टेकले. हात टेकून उठायला गेले तर आणखी आत रुतले.

"अगो बाई, जावयबापू, त्यात कशाला बसलात?" सासू धावत आल्या. "तिचा वेत तुमच्या लग्नाआधीपासून गेलाय! परक्या मानसाला बसवतो, ते पन खाली बारीक गाद्या घालून. घरच्यांना नाय. म्हनून तर तुमच्या पयल्या दिवाळसनाला ह्यांनी वापीवरून ती लोखंडी नवी कोरी आनली. तुमच्यासाठी. दुसरी नव्हती म्हनून थोरल्या जावयांना हीत बसवलं, त ते असे रुसले! म्हने, धाकट्याला नवी आन मला मोडकी. तवापासून ते दिवाळीला येत नाय."

चुरी खड्ड्यातून वर पाहत राहिले. सासरे जमिनीकडे बघत होते. ती खुर्ची भिंतीशी होती. पंधरा वर्षांत तिला गंज चढू दिलेला नव्हता. 'मला ती द्या' असं म्हणण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात खैरनारांनी ती खुर्ची उघडली, ऐटीत बसले, पाठ टेकली आणि म्हणाले, "वा! एकदम आरामशीर आहे हो, चुरीसाहेब."

"खैरनार," चुरी तळातून म्हणाले, "उठा. ती माझी आहे."

"उठतो की. पण आधी तुम्हाला वर काढायला हवं ना?"

"थांबा! कोणी हलायचं नाही," जयमालाबाई ओरडल्या. त्यांच्या गळ्यात कॅमेरा होता आणि डोळ्यांतून हसून हसून पाणी येत होतं. मामा, मावशी, आत्या, सगळे फोटोत यायला धावले, तर त्यांनी हाताने सगळ्यांना मागे सारलं.

त्या अख्ख्या रोलमध्ये फक्त दोघांचा असा तेवढा एकच फोटो आला. तो चुरींचा आणि खैरनारांचा. जयमालाबाईंनी तो अल्बमच्या पहिल्या पानावर लावला आहे, आणि बोर्डीला जाताना त्या तो न चुकता बरोबर नेतात. हल्ली दर महिन्याला जावं लागतं. चुरीच घाई करतात, खैरनारांच्या आधी पोचायचं असतं म्हणून.